हिरवा ठिपका

एका वर्षात एकाच मॉडेलच्या चौदा कॉईल मी भरल्या. पंधरावी कायतानची. ती भरायची नाही असं आमचं सगळ्यांचं ठरलं होतं, आणि मी तीही भरली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मध्येच कोणी विचारणार नाही.

म्हापशाच्या बाजारामागे, पायलट स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाडं नेणारे; त्यांच्या गाड्यांची वायरिंग मी सव्वीस वर्षं करतोय. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल दुकानासमोरून ढकलत येताना दिसली की मला आजार कळतो. डाव्या झाकणाखाली तांब्याच्या तारेची गोल कॉईल असते, तिच्यावर बॅटरी चार्ज होते. या नव्या मॉडेलची कॉईल सात-आठ महिन्यांत करपते. पायलट सावकाश चालवणार, सारखा थांबणार, दिवा दिवसभर पेटलेला. त्यात तार बारीक. मग एक दिवस बटण दाबलं की नुसतं ‘टक’ वाजतं. किक मारायची म्हटलं तर कंपनीनं किकच काढून टाकली आहे. ‘किक जुन्या माणसांना लागते,’ असं शोरूमच्या सिनारींनी मला समजावलं होतं. आमच्या स्टँडवर सगळे जुनेच आहेत, त्याला मी काय करू?

गाडी वॉरंटीत असते, हे खरं. पण शोरूममध्ये टाकली की ‘पार्ट मागवलाय’ म्हणत तीन आठवडे आत राहते आणि शेवटी ‘तुम्ही जादा हॉर्न बसवलाय’ म्हणून तक्रार न नोंदवता तशीच परत येते. तीन आठवडे पायलटानं काय करायचं, स्टँडवर बसून माश्या मारायच्या? म्हणून सगळे माझ्याकडे यायचे. मी झाकण उघडून सकाळी कॉईल काढायचो, संध्याकाळी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, बसवायचो. झाकणाच्या आठही बोल्टांवर कंपनीचा हिरव्या रंगाचा एकेक ठिपका असतो. तो फुटला की वॉरंटी संपली. त्यासाठी मी दोन डबे मिसळून अगदी तोच हिरवा तयार केला होता. काडीनं ठिपका लावला की खुद्द कंपनीला ओळखू येणार नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

स्टँडचा अध्यक्ष गुरुदास पेडणेकर. त्यानं कंपनीला पत्रं लिहिली, फोन केले, एक दाबा, दोन दाबा करत तासन् तास गाणी ऐकली. पाचव्या महिन्यात उत्तर आलं. ते घेऊन तो दुकानात आला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं.

“ऐक. ‘आपल्या विभागातून चार्जिंगविषयी एकही तक्रार आजवर नोंदली गेलेली नाही.’ एकही नाही म्हणे! चौदा गाड्या करपल्या त्या काय भुताच्या होत्या?”

मी कॉईल भरत होतो. हात थांबला.

“गुरू, नोंद होणार कशी? एकतरी गाडी बंद अवस्थेत त्यांच्या इंजिनियरपर्यंत पोचली का? मी पोचू दिलीच नाही.”

तो म्हणाला, “म्हणजे कंपनीचा सगळ्यात चांगला नोकर तू. बिनपगारी.”

तेव्हा ठरलं की यापुढं जी गाडी जाईल तिला कोणी हात लावायचा नाही. कंपनीचा इंजिनियर येऊन बघेपर्यंत ती मेलेलीच ठेवायची. एक गाडी त्यांनी मान्य केली की बाकीच्यांना जाड तारेची नवी कॉईल मिळेल, एवढी साधी आशा होती.

पुढची गाडी कायतान लोबोची गेली. कायतान अठ्ठावन्न वर्षांचा, स्टँडवर एकतीस वर्षं. गुडघे धरलेले, बोलणं कमी. गाडी बंदच ठेवशील का, असं गुरुदासनं विचारलं तेव्हा त्यानं फक्त मान डोलावली. सिनारींनी तक्रार नोंदवून घेतली आणि इंजिनियर येत्या बुधवारी येईल असं सांगितलं.

आमच्या स्टँडचा एक रिवाज आहे. गाडी बंद पडली म्हणून लायनीतली जागा जात नाही. बंद गाडी पायानं पुढं ढकलत राहायची आणि नंबर आला की मागच्यानं आपली गाडी द्यायची. भाडं ज्याचा नंबर त्याचं. हा रिवाज एक-दोन दिवसांसाठी आहे. तेवढ्यात कोणाचीही गाडी सुरू होते, कारण बाजारामागे मी बसलेलो आहे.

बुधवार आला, इंजिनियर आला नाही. पुढच्या सोमवारी येणार होता, मग गुरुवारी. दर वेळी सिनारी मला गोड आवाजात सांगायचे, “चारी, वरून तारीख पुढं गेली, माझ्या हातात काय आहे?”

कायतान रोज सकाळी सातला मेलेली गाडी घरून ढकलत आणायचा. घरी ठेव म्हटलं तर म्हणायचा, “इंजिनियर अचानक आला तर? त्याला काय माझं तोंड दाखवू?” पहिल्या आठवड्यात सगळे हसून आपली चावी द्यायचे. “काय पात्रांव,” मालकाला म्हणावं तसं कोणी म्हणायचा, “आज कोणाच्या घोड्यावर?” दुसऱ्या आठवड्यात हसणं कमी झालं. तिसऱ्यात चावी देताना एकजण म्हणाला, “पेट्रोल बघून चालव रे.” कायताननं चावी घेतली, भाडं सोडून आला, आणि त्या दिवसापासून आपला नंबर आला की तो चहा प्यायला निघून जायला लागला. हे मला दुकानातून दिसायचं. मला बघवत नव्हतं, आणि काही करताही येत नव्हतं.

एर्मेलिंद नावाची एक म्हातारी बाई वीस वर्षं कायतानच्याच मागे बसून फिरते. चर्चमधल्या पहिल्या शुक्रवारच्या मीसला, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे. तो दुसऱ्याची गाडी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला तर म्हणाली, “ही कोणाची? मी नाही बसत. या सीटवरून मी घसरणार.” आणि छत्री टेकत बसकडे चालायला लागली. कायतान तिच्या मागे दहा पावलं गेला आणि परत आला.

तेविसाव्या दिवशी सिनारींचा फोन आला. इंजिनियरचा दौरा रद्द. आता नवीन वर्षातच, तेही नक्की नाही.

मी स्टँडवर जाऊन सांगितलं. अर्ध्या तासानं कायतान एकटाच गाडी ढकलत चढावरून माझ्या दुकानात आला. घामानं भिजला होता.

“भर,” तो म्हणाला.

“कायतान, ठरलंय ना आपलं—”

“तेवीस दिवस लोक विचारतात, गाडीला काय झालं? मी सांगतो, कंपनीचा माणूस येणार आहे. चारी, ते वाक्य आता मला तोंडात नको. भर.”

मी गुरुदासला विचारायला हवं होतं. निदान एक रात्र थांबायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर कायतानपेक्षा मलाच घाई झाली होती. तेवीस दिवस एक बंद गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि माझे हात शिवशिवत होते. मी झाकण खोललं. कॉईल खालच्या अंगाला कोळशासारखी काळी. जळकी तार कापून भंगाराच्या डब्यात टाकली, एका नंबरानं जास्त जाड तार घेतली आणि एकेक वेढा दाबून बसवला. वॉर्निश केलं, बायकोच्या जुन्या ओव्हनमध्ये भाजलं. संध्याकाळी बटण दाबलं आणि मीटर चौदा पॉइंट दोन व्होल्टवर जाऊन थांबला. आयुष्यात इतकी चांगली कॉईल मी भरली नसेन. मग काडी घेतली आणि आठही बोल्टांवर हिरवे ठिपके लावले. कशासाठी? कशासाठीच नाही, सवय. शनिवारी भंगारवाला डबा घेऊन गेला. शनिवार-रविवार कायतान स्टँडवर आला नाही.

सोमवारी अकरा वाजता स्टँडवर सिनारींची गाडी थांबली. सोबत चष्म्याचा एक सडपातळ माणूस, हातात मीटरची पेटी.

“हे राघवनसाहेब,” सिनारी म्हणाले. “दौरा रद्द झाला होता, पण त्यांच्या भावाचं लग्न आहे पणजीत. सुट्टीत वाट वाकडी करून आलेत. कुठं आहे ती गाडी?”

ती लायनीत पहिली उभी होती. स्वच्छ पुसलेली. गुरुदास मला हाक मारायला धावत आला, आणि येताना वाटेतच त्याला माझ्या तोंडावरून सगळं कळलं.

राघवननं बॅटरीला मीटर लावला. बटण दाबलं. गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली. चौदा पॉइंट दोन. दिवा लावून बघितलं, हॉर्न वाजवून बघितला. खाली बसून बोल्टांवरचे ठिपके बघितले.

“झाकण कधी उघडलेलं नाही,” तो म्हणाला. “चार्जिंग उत्तम आहे. ही बंद होती?”

मग मीच पुढं झालो.

“साहेब, कॉईल करपली होती. मी शुक्रवारी भरली. ठिपके माझे आहेत.”

सिनारींनी कपाळावर हात मारला. “चारी, काय बोलतोस ते कळतंय का? बाहेर उघडली असेल तर वॉरंटी गेली. आणि अशा किती उघडल्यास तू?”

“ही धरून पंधरा. सगळ्या इथंच उभ्या आहेत. विचारा त्यांना.”

सिनारी लायनीकडे वळले. “कोणाकोणाची गाडी चारीनं उघडली? आत्ता सांगा, म्हणजे वॉरंटीच्या यादीतून नावं काढतो.”

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो. एकजण चावीशी खेळत होता. दुसरा म्हणाला, “माझी? कधीच नाही.” तिसरा म्हणाला, त्याची पहिल्या दिवसापासून ठीक आहे. गुरुदासची पाळी आली. त्यानं पाच महिने पत्रं लिहिली होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “माझी पण ठीक आहे.”

मला राग आला नाही. हप्ते चालू असताना वॉरंटी कोण सोडील? मी पण नसती सोडली. फक्त एकदम खूप थकल्यासारखं वाटलं.

“जळकी तार तरी आहे?” राघवननं विचारलं.

“भंगारात गेली.”

त्यानं मान हलवली. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तार किती जाड घातली?”

मी सांगितलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “आमची बारीक आहे, मला माहीत आहे. दोन वर्षं मी हेच सांगतोय तिकडे. ते म्हणतात बंद गाडी दाखव. म्हणून तर लग्नघर सोडून आलो. मला फक्त एक बंद गाडी हवी होती हो, एक.”

मी त्याच्या बुटांकडे बघत उभा राहिलो.

“तुमचं बोलणं मी ऐकलं नाही असं धरतो,” तो पुढं म्हणाला. “नाहीतर या म्हाताऱ्याची वॉरंटी मलाच काढावी लागेल.”

त्यानं फॉर्म भरला आणि कायतानसमोर धरला. तेवढ्यात एर्मेलिंदबाई छत्री टेकत आल्या. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला, मडगार्ड बघितलं, सीटवर हात फिरवला.

“सुरू झाली वाटतं. येतोस, की मी बस पकडू?”

कायताननं न वाचता सही केली, कागद खिशात कोंबला आणि गाडीवर बसला. बाई मागं तिरप्या बसल्या. इतक्या दिवसांनी तो आपल्या नंबरवर, आपल्या गाडीवर गेला. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता.

गुरुवारी दुपारी गुरुदास गाडी ढकलत आला. पुन्हा ‘टक’. मी जुनी भरलेली कॉईल तपासली. तारा शाबूत होत्या, फक्त जोडणीचा प्लग वितळला होता. त्याला विचारलं, “तुझी तर ठीक होती ना?” तो म्हणाला, “चारी, चिमटे काढू नकोस, आधीच लाज वाटतेय.” मी काम केलं, झाकण बसवलं आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन खाली बसलो. तेवढ्यात कायतान आला. त्याच्या हातात फॉर्मची पिवळी प्रत होती, घामानं मऊ पडलेली.

“इंग्रजी आहे. मी कशावर सही केली ते वाच.”

मी वाचलं. “‘गाडी तपासली. दोष आढळला नाही.’ खाली तारीख. आणि शेवटी, ‘ग्राहक समाधानी.’”

“ग्राहक म्हणजे मी?”

“तूच.”

“म्हणजे आता कोणी पत्र लिहिलं तर?”

“तर ते हा कागद दाखवतील. म्हापशातून एकच तक्रार आली, आणि ती मिटली, असं.”

गुरुदास बाहेर जाऊन उभा राहिला.

कायताननं कागदाची नीट घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला. बाकावरचा पेट्रोलचा बोळा उचलला, बाहेर आपल्या गाडीजवळ गेला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर कण्हत खाली बसला. पहिल्या बोल्टवरचा हिरवा ठिपका त्यानं घासून काढला. मग दुसरा.

“अरे, काय करतोस? सात महिने वॉरंटी आहे अजून!”

आठही बोल्ट स्वच्छ होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग बोळा माझ्या हातात दिला.

“समाधानी माणसाला वॉरंटी कशाला लागते रे, चारी?”