परमुलखातलं खाणं

भगवंतराव देशमुखांचा मुलगा बापूराव बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला, तेव्हा ती वाट आधी पाहिलेला माणूस इंझोरीत एकच होता. जगदेव माळी. लढाईच्या काळात कामठीच्या छावणीत खच्चरं सांभाळायला माणसं पाहिजेत असं ऐकून तो गेला होता, आणि त्या खच्चरांबरोबर बोटीत बसून थेट फ्रान्सात पोचला होता. अडीच वर्षांनी परतला. परतल्याला सव्वा वर्ष होत आलं, तरी गाव त्याला कंटाळलं नव्हतं.

जगदेव तोफांचं कधी बोलत नसे, मेलेल्या माणसांचंही नाही. तो बोले खाण्याचं. तिकडच्या रस्त्यावर काय मिळतं, कसं भाजतात, कशात गुंडाळून देतात. पारावर, मोटेवर, बाजाराच्या गाडीत, कुणी नुसतं विचारायचा अवकाश. लोक मिटक्या मारत ऐकत.

त्याची बायको पंचफुला ऐकत नसे. तो बोलू लागला की ती उठून जाई आणि जे काम हाताला लागेल ते दणादण करी.

तिची लेक आवडी चार वर्षांची झाली होती. जगदेव फ्रान्सात असताना गावात मानमोडीचा ताप आला आणि दिवाळीच्या आधी पोरगी गेली. शाळेच्या नानाजी मास्तरांनी जगदेवला पत्र लिहून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात तो घरी आला. पाणी प्यायला. बैलाचं विचारलं, विहिरीचं विचारलं, वांग्याच्या वाफ्यात जाऊन आला. पोरीचं काही विचारलं नाही. पंचफुलेनं त्या दिवशी वाट पाहिली, आठ दिवस पाहिली, महिना पाहिला. सासू सोजरबाई म्हणे, "उगी बस बाई. मानूस जात, पोटात ठेवते."

तिसऱ्या महिन्यात न राहवून तिनंच विचारलं, "मास्तरचं पत्र भेटलं होतं का तुमाले?"

"भेटलं," जगदेव म्हणाला, आणि मोट जुंपायला निघून गेला.

त्या एका शब्दानं ती जी पेटली, ती विझलीच नाही.

बापूरावाच्या निरोपाचं जेवण होतं त्या दिवशी देशमुखांकडून भाजीचा सांगावा आला. पंचफुला दोडक्यांची आणि वांग्यांची टोपली घेऊन दुपारी गेली. मागच्या दारानं जावं म्हणून वळली, तर ओसरीवरून नवऱ्याचा आवाज आला. ती भिंतीशी थांबली.

ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. भगवंतराव तक्क्याला टेकले होते. बापूराव मांडीवर वही घेऊन बसला होता आणि जगदेव सांगेल ते लिहून घेत होता.

"बोट मार्सेलले लागते," जगदेव सांगत होता. "उतरले का धक्क्यावरच पाहाजा. हरभऱ्याचं पीठ शिजवते, थापते, थंड झालं का कापून तेलात सोडते. आपली पाटवडीच समजा, फकत तयलेली. गरम गरम कागदात देते. भूक लागली त पयले थे खाजा."

"अन् रेल्वेत बसायच्या आधी?" बापूरावानं विचारलं.

"तुमी आक्टोबरात पोचसान. मंग चौकाचौकात शेगड्या दिसतीन. भोकाच्या कढईत एक फळ भाजते, वरून काळं, आतून पिवळं. सोलून खा, शिंगाड्यावानी लागते. दोन खिशात टाकून ठेवजा, हात बी गरम राह्यते. अन् आलू! आलूच्या लांब फोडी तयते, मीठ टाकते, पुडीत भरून देते. चालता चालता खाते लोकं."

"तळतात कशात?" आतून जिजाबाई देशमुखिणींनी दाराआडून विचारलं.

"बाईसाब, थे म्या बी नाई इचारलं. तुमी बी नोका इचारू."

ओसरी हसली. पंचफुलेच्या मानेची शीर ताठ झाली.

"पन खरी चीज रुआं गावात," जगदेव पुढं सरकला. "आमची खच्चरं तथी होती. छावनीच्या रस्त्यावर एक म्हातारी गाडा घेऊन येये. हा एवढा लोखंडी तवा. काळपट पिठाचं पातळ कालवन त्याच्यावर सोडे, लाकडाच्या दांडीनं गरकन फिरवे. जाळीदार होये. त्याच्यावर लोनी. चार घड्या घालून हातात देये. तिच्या हातची चव मी मरेलोक नाई भुलनार."

"धिरडंच की, जगदेव!" कुणीतरी म्हणालं.

"धिरडं नाई, बाप्पा. थे येगळंच. एक दिवस तिनं मले तीन खाऊ घातले, एकामागं एक. मी खातच गेलो."

"काहून? सण होता का?" बापूरावानं पेन्सिल थांबवून विचारलं.

जगदेव मागं सरकला. "नाई," तो म्हणाला. "असंच."

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. पंचफुलेला वाटलं. ती हा आवाज ओळखत होती. "भेटलं" हेही असंच म्हटलं होतं त्यानं. टोपली तशीच डोक्यावर घेऊन ती मागच्या दाराऐवजी पुढून ओसरीसमोर आली. डोईवरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"कोन्या दिवशी?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी इचारून राह्यली. तीन खाल्ले थे कोन्या दिवशी?"

"घरी बोलू."

"घरी तुमी बोलता कवा? अथी बोला. अथी तोंड चालते तुमचं."

जगदेवनं खाली पाहिलं. "पत्र आलं त्या दिवशी."

पंचफुलेनं डोक्यावरची टोपली ओसरीच्या पायरीवर आपटली. दोडके अंगणभर झाले.

"आवडी मेल्याचं पत्र आयकलं अन् तुमी खाल्लं? एक नाई, दोन नाई, तीन! लोनी लावून! अथी मी चार दिवस पान्याचा घोट नाई गियला, अन् तुमी तिकडं चव घेऊन राह्यले होते! अन् तेच अथी येऊन सांगता, जना-जनाले सांगता! लेकीचं नाव घ्याले जीभ वयत नाई, म्हातारीच्या तव्याचं कौतिक सांगाले वयते!"

"पंचफुले," भगवंतराव तक्क्यावरून उठत म्हणाले, "घरचं भांडण घरी न्यावं. आज आमच्याकडं शुभकार्य आहे."

"मालक," ती त्यांच्यावर उलटली, "सव्वा वर्स माह्या नवऱ्याले तुमी या ओसरीवर बसोता. हसता, आयकता. यकानं तरी इचारलं का त्याले, बाबा, तुही पोरगी मेली, तुले कसं वाटलं? नाई इचारलं. आता घरचं घरी न्या म्हन्ता?"

बापूरावानं वही मिटली.

जगदेव उभा राहिला.

"मले वाचता येत नाई," तो म्हणाला. कुणाला सांगतोय ते त्यालाच कळत नसावं. "छावनीतल्या किसनसिंगानं वाचून दाखोलं. रस्त्यातच. म्हातारीच्या गाड्यापुढं उभे होतो आमी. तिले आपली भाषा नाई येत, मले तिची नाई. तिनं माह्याकडं पायलं अन् गरम गरम माह्या हातावर ठेवलं. म्या तोंडात घातलं. तोंड भरलं होतं म्हनून बोंबलता नाई आलं. थे सरलं, तिनं दुसरं देल्लं. मंग तिसरं. किसनसिंग ओढून नेयेलोक मी खातच होतो." तो थांबला. "म्या खाल्लं. खोटं काहून बोलू?"

आता ही विरघळेल असं ओसरीला वाटलं असेल. पंचफुला विरघळली नाही. तिचा राग आणखीच चढला, कारण त्या रस्त्यावर, त्या थंडीत, त्याच्यापाशी कुणीतरी होतं.

"तुमच्याजवळ म्हातारी होती," ती म्हणाली. "माह्याजवळ कोन होतं?"

ती दोडके तिथंच टाकून चालू लागली. गावाबाहेर, नाल्याच्या दिशेनं. मागून पावलं येत होती. ती कुणाची हे पाहायला तिनं मान वळवली नाही.

नाल्याच्या काठी लहान लेकरांना पुरत. मानमोडीच्या त्या एका महिन्यात तिथं दोन डझन तरी मातीचे ढीग झाले होते. त्यावर दोन पावसाळे गेले होते. ढीग बसले होते, काठ काही ठिकाणी ढासळला होता, आणि सगळीकडं कमरेएवढा तरोटा माजला होता. पंचफुला मधोमध जाऊन उभी राहिली.

"इचारा आता," ती ओरडली. "सव्वा वर्सात नाई इचारलं थे इचारा. कुठी हाय म्हनून इचारा!"

मागून आलेला जगदेव तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"कुठी हाय?"

"मले नाई माईत!"

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती स्वतः तापात बेशुद्ध पडली होती. सोजरबाईनं पोरीला लुगड्यात गुंडाळलं, थोरला दीर उकंडराव एकटाच खांद्यावर घेऊन आला आणि पुरून गेला. पंचफुला उठून बसायच्या आत उकंडरावालाही ताप आला आणि सहा दिवसांत तोही गेला. जागा दाखवणारं कुणी उरलं नाही. चालता येऊ लागल्यावर ती काठीच्या आधारानं इथं आली होती, आणि एवढे ढीग पाहून कुठल्यापुढं बसावं ते न कळून तशीच घरी गेली होती.

"तोंड बी नाई पायलं म्या तिचं," ती म्हणाली. "तुमी आले म्हंजे इचारसान, मंग सांगीन, मंग दोघं शोधू, असं वाटे. अन् तुमी येऊन म्हातारीचा तवा सांगत बसले!" तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा, पाचदा. त्यानं हात धरला नाही.

ती थकून बाजूला झाली तेव्हा जगदेव खाली बसला. मग त्यानं समोरच्या ढिगावरचा तरोटा उपटला. मग त्याच्या बाजूच्या ढिगावरचा. एकेका ढिगाशी वाकून तो पुढं सरकू लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, ते हनुवटीवरून गळत होतं.

पंचफुला पाहत उभी राहिली.

"मुळासकट काढा," ती शेवटी म्हणाली. आवाज तसाच खरखरीत होता. "वरच्यावर तोडलं त पुन्हा फुटते. माळ्याचे ना तुमी?"

आणि ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि उपटू लागली.

घरी येईतो दिवे लागले होते. सोजरबाई दारातच उभी होती. देशमुखांकडची बातमी तिच्यापर्यंत आली होती.

"कुठी गेलते येवढा येळ?"

"आवडीकडं," जगदेव म्हणाला.

म्हातारी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

"आता रडून राह्यल्या!" पंचफुला तिच्या अंगावर खेकसली. "उगी बस, उगी बस, तुमीच म्हनत होत्या ना मले?" तिनं मातीचे हात धुतले, चुलीपुढं बसून काड्या मोडल्या आणि जाळात सारल्या.