राखीव खंडेराव

लताबाई पगारे ऑस्ट्रेलियाला गेल्या नाहीत, तर खंडेरावांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू. विमानाचं तिकीट तिकडच्या ग्लायडिंग क्लबचं, तीन आठवडे राहणं-जेवण त्यांचंच, आणि परतल्यावर नाशकात जन्मभर ‘मी तिकडे असताना’ असं म्हणून बोलायला सुरुवात करायचा हक्क. आमंत्रणात पहिलं नाव बाईंचं. त्या नाही गेल्या तर राखीव म्हणून नाशकातल्या ग्लायडिंग क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे खंडेराव स्वतः.

“तारखा तुम्हीच ठरवा, बाई,” खंडेराव मोठ्या मनाने म्हणाले. ते साल १९८०, महिना मार्च.

हे मोठं मन फुकटचं नव्हतं. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. लांब सुट्टी मिळणार ती मेमध्ये, आणि मे म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. जमीन तापत नाही, गरम हवा वर उठत नाही. बिनइंजिनाचं ग्लायडर चढणार कशाच्या जोरावर?

“डिसेंबर,” बाई म्हणाल्या. “तिकडचा भर उन्हाळा.”

“आणि रजा?”

“मिळाली.”

पुढच्या वर्षी जनगणना होती. तिच्यासाठी मेमध्ये घरं मोजायची ड्यूटी शिक्षकांच्या गळ्यात पडलेली. बाईंनी तीन सहकारी बायकांचे भाग आपल्याकडे घेतले. बदल्यात डिसेंबरात त्या तिघी बाईंचा वर्ग सांभाळणार. हेडमास्तरांनी सही करून टाकली होती.

खंडेराव क्षणभर गडबडले, मग सावरले. नाशकात उडायला मेसारखा महिना नाही, आणि तो बाई पंचवटीच्या बोळांतून घरांवर नंबर टाकत घालवणार. पुढे पाऊस, क्लब बंद. जाण्याआधी बाईंना लायसन्स नवं करून घ्यायचं, त्याला तर अलीकडच्या उड्डाणांचे तास दाखवावे लागतात.

“पासपोर्ट, परदेशी जायचा रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म, डॉक्टरचा दाखला, सगळं होईल हो. तासांचं काय?”

“ऑक्टोबरचं ऊन आहे की.”

“तेव्हा धावपट्टीवर कमरेएवढं गवत असतं. कापायला माणूस कुठाय क्लबकडे?”

“एवढंच ना?”

ऑक्टोबर लागला तसा ओझरकडचा म्हशीवाला पुंजाराम भाऊबंद, विळे आणि बैलगाड्या घेऊन हजर. कापाल तेवढं तुमचं, असं बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं.

“साहेब, चारा लय चांगला हे,” तो खंडेरावांना म्हणाला. “अजून एखादी पट्टी नाय का तुमची?”

आता उरलं विंच. जुन्या ट्रकच्या इंजिनावर तार गुंडाळून ग्लायडर वर खेचणारं ते धूड क्लबात एकट्या खंडेरावांना चालवता येई. त्यांनी कमरेवर हात ठेवला.

“बाई, यंदा कंबर फार धरते हो.”

“मग राहू द्या,” बाई काळजीने म्हणाल्या. “फक्त डॉक्टरांच्या कानावर जाऊ देऊ नका. राखीव माणसालाही फिटनेसचा दाखला लागतो.”

कंबर तिथल्या तिथे बरी झाली. रविवारी खंडेरावांनी तार खेचली, बाई वर गेल्या, घारी घिरट्या घालत होत्या तिथे गरम हवा धरून दीड तास खाली आल्या नाहीत. दिवाळीनंतर दिल्लीहून लायसन्स नवं होऊन आलं, आणि डिसेंबरात बाई गेल्या.

हिशेब असा मिटला. तीन शिक्षिका मेभर दुपारच्या झोपल्या, पुंजारामच्या म्हशींची चंगळ झाली. बाईंनी आपला मे भरला. बाकीचं खंडेरावांनी भरलं: ऑक्टोबरचा एकूण एक रविवार, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, बाईंना वर चढवण्यात.