डुकरांना पंच्याहत्तर, घराला पंचावन्न

लोणी पावाला लागेना. व्हर्ना स्कोगस्टाडनं सुरीनं ते दाबलं, तर पावाचाच तुकडा निघाला आणि लोणी जागच्या जागी. शेवटी तिनं लोण्याची वाटी स्वेटरच्या आत काखेत धरली आणि खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर शून्याखाली बावीस, वारा वायव्येचा, अंगणातला बर्फ नुसता करकर वाजत होता. घरात भिंतीवरचा भट्टीचा काटा पंचावन्न फॅरनहाइटवर. माणूस सत्तरला सुखात बसतो, पासष्टला स्वेटर घालून बसतो, आणि पंचावन्नाला फक्त आर्व्हिड स्कोगस्टाड बसतो.

तो टेबलाशी बसलाच होता. डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर, कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"अवो," व्हर्ना म्हणाली, "गुरुवारी मंडळाच्या बायका येत्यात."

"येऊ देत की. कुनी अडीवलंय?"

"त्यो काटा अडुसष्टवर न्या. एकच दिस. दोनच तास."

"गॅसचा भाव कुठं गेलाय, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय. रोज तुमीच सांगताय."

"मग? स्वेटर घाला म्हनावं त्यास्नी."

"तीन वर्सामागं कोट घालूनच बसल्या हुत्या," व्हर्ना म्हणाली आणि तिनं वाटी टेबलावर आदळली.

चर्चच्या बायकांचं मंडळ महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एकेकीच्या घरी भरतं. बायबलातला एक पाठ, दोन स्तोत्रं, मग कॉफी आणि खाणं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत व्हर्नाची पाळी होती. तिनं आदल्या दिवशी बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्सा, लाटल्या, बदामाचा केक केला. बायका आल्या आणि कोट घालूनच बसल्या. मंडळाची अध्यक्ष बोर्गिल्ड लोकेन हातमोज्यांनी स्तोत्रांची पानं उलटत होती, ती एकदम तीन तीन उलटायची, त्यामुळे निम्म्या जणी एक स्तोत्र गात होत्या आणि निम्म्या दुसरं. वीस मिनिटांत एकेकीला घरची कामं आठवली. केकला कुणी हात लावला नाही. त्यानंतर व्हर्नाची पाळी आली, की कोणीतरी गोड हसून म्हणायचं, "यंदा माज्याकडं करू, तुला कशाला तरास?" हा मान नव्हता, हे व्हर्नाला कळत होतं. या डिसेंबरात ती सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "जानेवारी माजा हाय." बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून ती भिंतीवरचा काटा दिवसातून दहादा बघायची.

आता आर्व्हिड काही कंजूष माणूस नव्हे. तो अभिमानी होता, आणि अभिमान कंजूषपणाहून महाग पडतो. गावातल्या सहकारी दुकानात रोज सकाळी पाच जण कॉफीला बसतात. तिथं पीकपाणी, राजकारण सगळं निघतं, पण ऑक्टोबर उजाडला की विषय एकच, घर तापवायची भट्टी कोणी पेटवली? जो आधी पेटवेल तो बायल्या. मग पुढं सगळा हिवाळा कोणाच्या टाकीत किती गॅस उरला, याची चौकशी. चौकशीला जायची गरज नसते. गॅसचा टँकर चालवणारा ऑर्लो टाक्या भरून आला, की तिथंच कॉफी प्यायला बसतो आणि त्याच्या पोटात तर काही राहत नाही. सलग चार हिवाळे आर्व्हिड पहिला आला होता. दुसरा नेहमी पाल्मर ब्रेक्के, आणि पाल्मरच्या डोळ्यांत ते चार वर्षं कुसळासारखं सलत होतं.

पण यंदाची गोष्ट निराळी होती. आर्व्हिडच्या पाच डुकरिणी दरवर्षी मार्चात वितात. यंदा त्यानं हिशोबानं जानेवारीत विणं आणलं. ऑगस्टच्या जत्रेत पोरं डुकरं मिरवतात, त्यात लवकर जन्मलेलं पिलू अंगानं भरतं आणि बक्षीस नेतं, म्हणून त्याला गिऱ्हाईक चांगलं. ही अक्कल पाल्मरला कळू नये म्हणून आर्व्हिडनं तोंडाला कुलूप लावलं होतं आणि व्हर्नालाही शपथ घातली होती. पिलाला मात्र ऊब लागते. डुकरांच्या शेडातली भट्टी पंच्याहत्तरवर, पिलांच्या कोपऱ्यात त्याहून जास्त. शेड आणि घर दोन्ही एकाच टाकीवर. शेडाचा गॅस शेडाचा, घराचा गॅस घराचा, असा आर्व्हिडच्या डोक्यात चोख हिशोब होता. टाकीला तो कळवायचा तेवढा राहिला.

न्याहारीनंतर व्हर्ना खाद्याच्या बादल्या घेऊन शेडात गेली. दार लावून घेतलं आणि गरम हवा तोंडावर आली. तिनं कोट काढला. मग स्वेटर काढला. बादली उपडी करून ती बसली आणि कोटाच्या खिशातला पाव काढून खाऊ लागली. बोटांचे सांधे हळूहळू सैल पडले. समोर क्लारा नावाची डुकरीण आडवी पसरली होती, नऊ पिलं तिला लुचत होती.

"क्लाराबाई," व्हर्ना म्हणाली, "तुजं बरं हाय बाई. घरचं म्हनतंय देवा देवा, आन् बाहेरच्याला चोळी शिवा."

क्लारानं एक कान हलवला. व्हर्नाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. एकतीस वर्षं संसार केला आणि शेवटी डुकरिणीचा हेवा वाटावा, हे तिच्या मनाला फार लागलं.

मंगळवारी ऑर्लो टँकर घेऊन आला. आर्व्हिड गावात गेला होता. ऑर्लोनं टाकीवरचं झाकण उचललं, आतला मापाचा काटा वाकून बघितला, पुसून पुन्हा बघितला आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"काकी, धा टक्के! नोव्हेंबरात मी काठोकाठ भरून गेलो हुतो. घरात बसून उन्हाळा करताय का काय?"

व्हर्ना दारात उभी होती, अंगात कोट, गळ्याला मफलर. तिच्या तोंडून वाफ निघत होती. ऑर्लोला वाटलं, ती बाहेर निघालीय.

"तसं न्हाई रं," ती म्हणाली. मग तिला शपथ आठवली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात थोडी खोडीही आली. "तुज्या काकास्नीच इचार."

ऑर्लोनं टाकी भरली आणि तो काकांना विचारायला सहकारी दुकानात गेला. चारचौघांत विचारलं.

दुपारी आर्व्हिड आला तो कानटोपी भिरकावतच.

"लोकांत तोंड दावायची सोय ठेवली न्हाईस!"

"म्या काय केलं?"

"पाल्मर काय म्हनला, ठावं हाय? म्हनला, आर्व्हिड हितं बसून फुशारक्या मारतो, आन् घरात बायकूनं काटा ऐंशीवर नेलाय. ह्याला पत्ताच न्हाई. बायकूच्या ताटाखालचं मांजर! समदी हसली. ऑर्लोसुदिक!"

"मग सांगायचं की, गॅस डुकरांनी खाल्ला."

"सांगितलं! सांगावंच लागलं. तर म्हनत्यात, जानेवारीत कुनाच्या डुकरिनी वितात? थाप मारतोय. म्या म्हनलं, या गुरुवारी दोन वाजता, आन् आपल्या डोळ्यांनी बगा."

"गुरुवारी एक वाजल्यापास्नं मंडळ हाय," व्हर्ना म्हणाली.

आर्व्हिड थबकला. मग त्याचं तोंड उजळलं.

"मग तर झ्याकच! बायका कोट घालून कुडकुडत बसल्याल्या दिसल्या म्हंजे आनि काय पुरावा पायजे?"

हे तो खुशीत म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि व्हर्नाला त्याचाच राग आला. तिनं गळ्यातल्या मफलरला आणखी एक वेढा दिला.

"बरं," ती म्हणाली.

आमच्याकडची बाई भांडते तोवर काळजी नसते. ती "बरं" म्हणाली, की जाणता माणूस सावध होतो. आर्व्हिड झोपायला गेला.

बुधवारी व्हर्नानं शेड धुतलं. ओलं काढलं, नवा पेंढा पसरला, हवा खेचणारा पंखा पुसून लख्ख केला. गवताच्या गठ्ठ्यांवर फळ्या टाकल्या, त्यांवर आईनं भरतकाम केलेला पांढरा टेबलक्लॉथ अंथरला. मग तिनं नऊ फोन केले आणि नऊही जणींना एकच सांगितलं, गोठ्यातले बूट घालून या.

गुरुवारी बोर्गिल्ड लोकेन पहिली आली. शेडाच्या दारात थांबून तिनं हुंगलं. तिचं सगळं आयुष्य दुभत्यात गेलेलं, वासाला ती बिचकणारी नव्हती. तिनं कोट काढला. थोड्या वेळानं स्वेटर काढला. मग बाह्या दुमडल्या आणि गठ्ठ्यावर बसून पाय लांब केले.

"व्हर्ना," ती म्हणाली, "माज्या घरात एवढी ऊब न्हाई."

"माज्या बी," व्हर्ना म्हणाली.

बाकीच्या आल्या. पाठ झाला. पहिल्या स्तोत्राला पिलांनी सूर धरला, तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या आणि बोर्गिल्डनं उघड्या बोटांनी नीट एकेक पान उलटत दुसरं स्तोत्र लावलं. कॉफी झाली, लेफ्सांचं ताट फिरलं. कोणालाही घरचं काम आठवेना. व्हर्ना कप भरत फिरत होती, आणि काट्याकडे बघायची तिला आज आठवणही झाली नाही.

दोनला चौघं गडी घराच्या पुढच्या दारानं आत शिरले. आर्व्हिड त्यांना देवळातल्या पुजाऱ्यासारखा एकेक गोष्ट दाखवत होता. पाल्मरनं काट्यावर टिचकी मारून बघितली. मागच्या खोलीत जाऊन भट्टीला हात लावला. श्वास सोडून बघितला, वाफ निघाली.

"पंचावन्नच हाय," पाल्मर म्हणाला. त्याला ते बोलणं जड गेलं. "पर बायका कुठं हायत?"

आर्व्हिडलाही ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शेडाकडून गाणं ऐकू आलं.

ते दार उघडून आत गेले आणि दारातच उभे राहिले. व्हर्ना धरून दहा बायका बाह्या दुमडून, गाल लाल, हातात कप. मागं पाच डुकरिणी आणि त्रेचाळीस पिलं.

"दार लावा!" बोर्गिल्ड ओरडली. "पिलांना वारं लागतंय."

पाल्मर माणूस हरला तरी न्यायाचा. त्यानं टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमची चूक झाली. आर्व्हिडवर आमी खोटा आळ घेतला. हा ताटाखालचं मांजर न्हाई. ह्याची बायकू खरंच थंडीत ऱ्हाती. ऊब समदी डुकरांना हाय."

आर्व्हिडनं मान ताठ केली आणि हसून बायकांकडे बघितलं. एकही बाई हसत नव्हती. तेव्हा आपण काय सिद्ध केलं, ते त्याला हळूहळू उमगू लागलं, आणि त्याची मान हळूहळू खाली आली.

"पाल्मर," बोर्गिल्ड शांतपणे म्हणाली, "तुज्या घरातला काटा कितीवर असतो रं?"

"सत्तावन्न," पाल्मर छाती काढून म्हणाला.

गठ्ठ्यावर बसलेली त्याची बायको आर्डिस लेफ्सा खात होती. तिनं घास गिळला.

"आन् ट्रॅक्टरच्या शेडात?"

पाल्मरनं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्ये... इंजनाला लागतंय."

"कितीवर?"

"पासष्ट."

"व्हय बाई," आर्डिस म्हणाली. "ट्रॅक्टरला सर्दी हुतीया."

मग एकेकीनं आपापल्या माणसाला विचारलं. एकाच्या घराला अठ्ठावन्न आणि गोठल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटाला सत्तर. एक जण वाकून क्लाराची पिलं मोजायला लागला. कॉफी कोणी विचारली नाही. चौघंही आल्या वाटेनं गेले, आणि गाड्या चालू करताना एकमेकांशी बोलले नाहीत.

मंडळ चारपर्यंत चाललं. ताटात एक तुकडा उरला नाही. जाताना बोर्गिल्डनं व्हर्नाचे दोन्ही हात हातात घेतले, फेब्रुवारीही तिच्याचकडे करू म्हणाली, आणि यावेळी ते मनापासून होतं.

आर्व्हिड शेडाच्या दाराशी आला.

"चल घरला."

"मी हितंच बरी."

"अगं, सैपाक?"

"पाव हाय. लोनी हाय. हितं लागतंय पावाला."

तो उभा राहिला, मग निघून गेला. थोड्या वेळानं परत आला.

"साठ केलं."

व्हर्ना कप पुसत होती. पुसतच राहिली. तो पुन्हा गेला, बर्फातून करकर आवाज करत, आणि पुन्हा आला.

"पासष्ट. आता तरी?"

"अडुसष्ट," ती म्हणाली. "आन् उद्या बी. परवा बी."

आर्व्हिडनं डुकरिणींकडे बघितलं, पण त्या बाजूनंही काही मदत मिळेना. तो गेला. यावेळी तो परत आला नाही, पण घरातली भट्टी धडधडून पेटल्याचा आवाज अंगणात आला. मग व्हर्ना उठली आणि तिनं टेबलक्लॉथची घडी घातली.

ती घरात आली तेव्हा आर्व्हिड खुर्चीत बसला होता. कानटोपी उतरली होती, एक स्वेटर उतरला होता. बोलायला तोंड उघडलं आणि बोलायच्या आधी झोपला. त्याचा चेहरा किती महिन्यांनी सैल पडलेला दिसत होता. फोन वाजला, व्हर्ना हळू आवाजात बोलली, आणि फोन ठेवेपर्यंत तो जागा झाला.

"व्हर्ना," तो डोळे न उघडताच म्हणाला, "पाल्मरला कळू दिऊ नगंस."

"त्येच्याच घरनं फोन हुता," व्हर्ना म्हणाली. "आर्डिस बोलत हुती. तिकडं बी काटा वर गेलाय. पाल्मर म्हनतोय, आर्व्हिडला सांगू नगा."