अकरा जणींची बारावी पात

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. मानू नये अशीच ती आहे. पण निर्मलाबाई इथंच धुऱ्यावर, शेताच्या या बांधावर, शिदोरी सोडून बसली आहे आणि सारं तिच्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून जरा बेतानं सांगावं लागतं. नाहीतर रिता धावत नव्हती, उडत होती, इथूनच सुरुवात केली असती.

रिता म्हणजे शकुनबाईची लेक. बाप लहानपणीच गेला. घरचं शेत म्हणाल तर तुळशीभोवतीची माती, तेवढंच. मायलेकी दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, रोवणीला जात. बारावी पास झाल्याचा कागद तांदळाच्या पिंपात ठेवला होता, कारण घरात कोरडी जागा तेवढी एकच. पोरीच्या मनात फौज भरली होती, आणि भरतीसाठी वयाचं ते शेवटचं वर्ष होतं. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, लावायचे.

लाखनीला हायवेच्या पलीकडे मैदान आहे. तिथं हवालदार टिकाराम गरिबांच्या पोरापोरींना भरतीसाठी तयार करायचा. फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस, एक छदाम घेत नसे. पण शिट्टी अशी वाजवायचा की पार दूरच्या साकोलीच्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नसत. पहाटे पाचला धावणं, मग दोरावर चढणं, मग सावलीत बसवून गणित आणि सामान्य ज्ञान, ते थेट दुपारपर्यंत. अट एकच, खाडा करायचा नाही. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

आणि हे सुरू झालं नेमकं रोवणीच्या तोंडावर.

आता रोवणीचं कसं असतं, ते इथं बसलेल्यांना काय सांगायचं. बारा बायांची टोळी शेत अंगावर घेते. जिची तिची पात, रोवायचा पट्टा, ठरते. पऱ्हे एकदा उपटले की ते थांबत नाहीत, आणि एक पात मागं पडली की सगळी ओळ अडते. म्हणून हंगामाच्या मधे टोळी सोडणं म्हणजे अकरा जणींच्या तोंडचा घास काढणं. असं आजवर कोणी केलं नव्हतं.

 शेवटी रितानं मैदानाचा नाद सोडल्याचं आईला सांगितलं आणि तोंड फिरवून भाकरी थापत बसली. शकुनबाईनं ते टोळीची मुकादमीण निर्मलाबाई हिच्या कानावर घातलं. निर्मलाबाईनं सुपारी कातरता कातरता विचार केला. दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्यावर तिनं प्रत्येकीला डावीकडे सरकून वीतभर जादा पात घ्यायला लावलं. अकरा जणी वीत वीत सरकल्या आणि बारावी पात त्यांच्यात विरघळून गेली. कोणी हूं की चूं केलं नाही. फक्त सरिता कुरकुरली, पण ती तर सूर्य उगवला तरी कुरकुरते.

शेताचा मालक कैलाश छत्री घेऊन आला. त्यानं बाया मोजल्या, परत मोजल्या. बारा ठरल्या होत्या, अकराच कशा, असं विचारू लागला. निर्मलाबाईनं मान वर न करता त्याला मुंडकी मोजू नकोस, ओळी मोज, असं सांगितलं. ओळी पुऱ्या भरल्या. कैलाश छत्री मिटून गेला. पाऊस चालू होता, तरी मिटून गेला.

दुपारी रिता सायकलवरून परत यायची. रस्ता बांधीला लागूनच. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या त्या बायांसमोरून धुतलेले पाय घेऊन जायची तिला लाज वाटे. एकदा ती सायकल टाकून सरळ बांधीत उतरली आणि पऱ्ह्यांची पेंडी उचलली. निर्मलाबाईनं ती तिच्या हातून काढून घेतली.

"तू हिकडं वाकशील त उद्या तिकडं तुये पाय उचलतीन का?" ती म्हणाली. "जाय, अभ्यास कर. आमी काही उपकार नाही करून राहिलो. आमच्यातली एक तरी सरळ उभी राहावी, एवढंच."

त्या दिवसापासून पोरगी जी धावली, ती हायवेच्या ट्रकांना मागं टाकू लागली. एका ट्रकवाल्यानं तर तिच्या मागं राहून दिवा मारला आणि वाट मागितली. यात पदरचं काही नाही, फार तर ट्रक थोडा भरलेला असेल.

दिवाळी झाली आणि भरतीचा दिवस आला. शकुनबाईला शहराची धास्ती, म्हणून सोबत निर्मलाबाई गेली. मैदानाच्या चार फेऱ्या मारायच्या होत्या, ठरल्या वेळात. आणि काय सांगावं, आदल्या दिवशी असा अवकाळी पाऊस कोसळला की मैदानाची पार बांधी झाली. पोरी कमरेइतक्या रुतल्या. एकीचा बूट वर आला, पोरगी खालीच. शिट्टी वाजली आणि रितानं पाय उचलला, पण चिखलात पाय पडला की रोवणीवालीचं शरीर एकच जाणतं. पऱ्हे लावत मागं मागं सरकायचं असतं, पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जातं. तिच्याही नकळत तिचे पाय मागं चालू लागले. पोरगी उलटी धावली, वाऱ्यासारखी. चारही फेऱ्या पाठमोरी. सगळ्यांच्या पुढं अर्धी फेरी. मोठा साहेब खुर्चीवरून उठला, हातातलं घड्याळ चिखलात फेकलं आणि तिच्यासमोर टाच आपटून त्यानं जो सलाम ठोकला...

"खोटं," निर्मलाबाई म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. "मी होती ना तिथं. मैदान कोरडं ठणठणीत, माह्या नाकात धूळ गेली. सरळच पळाली पोरगी, पास झालेल्यांत शेवटून तिसरी आली, अन् मंग कुंपणापाशी बसून ओकली. साहेबानं कोणाले सलाम नाही ठोकला. सलाम तिनं ठोकला. ट्रेनिंग करून सुट्टीवर आली तवा, वर्दीत, याच धुऱ्यावर उभी राहून. आमाले. अकराही जणीले, एकेकीचं नाव घेऊन. सरिताले बी."