खड्ड्याकाठची दोरी

अठ्ठ्याहत्तर साली शेजारचं लाकडाचं जुनं गोदाम पाडलं आणि तिथं चार मजली इमारतीचं काम निघालं. त्या वर्षी बोळात जो तो धुळीच्या नावानं खडे फोडत होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ, दुधाच्या पातेल्यावर धूळ. गोदामालगतच्या घरातल्या धाकट्या सुनेला, धाकटीला, धुळीचं काही वाटत नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो गोदामाच्या पडलेल्या कुंपणभिंतीत.

त्या भिंतीला उजवा हात लावून तिचे सासरे, आप्पा, रोज सकाळी एकटे बाहेर पडत. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात आप्पांचा जन्म गेला होता आणि त्यातच डोळे गेले होते. दार ओलांडलं की हात भिंतीवर. भिंत संपली की उजवीकडे वळायचं, की आलं न्हाव्याचं दुकान. तिथं न्हावी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि आप्पा त्याच्या वाचनातल्या चुका काढायचे. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना कुणी ‘जपून हं’ म्हणत नसे.

आता भिंतीच्या जागी पायाचा खोल खड्डा होता. मुकादमानं कडेला लाल फडकी लावली होती, ठळक अक्षरात पाटीही लावली होती. पहिल्याच सकाळी आप्पा निघाले आणि समोरच्या टोकाला उभे असलेले मजूर एकदम ओरडले, “आजोबा, उजवीकडं! उजवीकडं व्हा!”

ओरडले ते भल्यासाठीच, पण ते आप्पांकडे तोंड करून उभे होते. त्यांची उजवी ती आप्पांची डावी. हे ध्यानात येताच दुसरा ओरडला, “डावीकडं!” मग तिसरा ओरडला, “जागचे हलू नका!” आप्पा मधोमध उभे राहून म्हणाले, “आधी तुमचं तुम्ही ठरवा बाबांनो, मी थांबतो.” धाकटी ओल्या हातांनी धावत गेली आणि त्यांना घेऊन आली.

नवऱ्यानं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, “इमारत होईपर्यंत बाबांनी घरातच बसायचं.”

“दोन वर्षं लागतील म्हणतात,” आप्पा म्हणाले. “माझ्याकडं आहेत का तेवढी, ते विचारून ये कुठंतरी.”

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीशी बसून राहिले. जेवायला हाक मारली की येत, आणि ‘पुरे’ म्हणून उठत. चारच दिवसांत माणूस आंबून गेला. धाकटीला ते बघवेना. ती मुकादमाकडे गेली.

“वहिनी, पाटी आहे, निशाणं आहेत, रात्रीचा कंदीलही असतो. आणखी काय करू?”

“हे सगळं डोळसांसाठी झालं, भाऊ. आमच्या म्हाताऱ्यानं पाटी चाचपून वाचायची का?”

मुकादमानं डोकं खाजवलं. मग धाकटीनं घरची कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि दोघांनी खुंट ठोकून ती खड्ड्याच्या कडेनं बांधली, आप्पांच्या हाताच्या उंचीवर. दोरी संपली की वळायचं. आप्पा पुन्हा न्हाव्याकडे जाऊ लागले, पुन्हा पोटभर जेवू लागले.

पण बांधकामावर मोकळी दोरी म्हणजे कुणाच्याही बापाची. एका सकाळी पलीकडच्या अंगाला चढत्या भिंतीची परांची बांधणाऱ्या गड्याला चार हात दोरी कमी पडली. त्यानं मधलाच तुकडा कापून नेला. दोन्ही टोकं खुंटांना तशीच लोंबत राहिली.

आप्पांच्या हातातली दोरी संपली. दोरी संपली की वळायचं, म्हणून ते उजवीकडे वळले.

धाकटीनं दारातून पाहिलं आणि ती धावत सुटली. ती कडेला पोचली तेव्हा आप्पा खाली वाळूच्या ढिगावर फतकल मारून बसले होते. कोपर खरचटलं होतं, टोपी गेली होती.

“सूनबाई,” खालून आवाज आला, “हे कुणाचं घर? बसायला मऊ आहे.”

तिला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. मजुरांनी त्यांना अलगद वर काढलं. दोरी कापणारा गडी हात जोडून पुढे आला. “चुकलं, आजोबा. परांचीला कमी पडली.”

“पक्की बांधलीस ना?”

“हो जी.”

“मग आता सोडू नकोस. वर माणसं चढत असतील.”

नवरा घरी आला तो आग होऊनच. “झालं समाधान? आता विषय बंद!”

धाकटी त्याला उलटून बोलली नव्हती कधी. त्या दिवशी बोलली. “खड्ड्यात पडले ते दोरीपायी. घरात बसवाल तर कशापायी जातील, ते तुम्ही आम्हाला सांगायचं.”

सकाळी ती पुन्हा मुकादमापुढे उभी.

“कठडा पाहिजे, भाऊ. बांबूचा.”

“बांबूही नेतील, वहिनी. आमचीच पोरं आहेत, मला माहीत आहेत.”

“मग चिरलेले लावा, किडके लावा. तुमच्या कामाला जे चालत नाहीत तेच द्या.”

मुकादम हसला. टाकाऊ बांबूंचा कठडा उभा राहिला. कुसं लागू नयेत म्हणून विटा वाहणाऱ्या बायकांनी त्यावर गोणपाट गुंडाळून दिलं. त्याला कुणी हात लावला नाही. लावण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुसऱ्या सकाळी आप्पा निघाले. नवरा चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता मागे मागे गेला. कठडा संपला तिथं आप्पा वळले, आणि मान न वळवता म्हणाले, “चपला घाल रे. खडी टोचेल.”

तिथून तो माघारी फिरला. पुन्हा कधी मागे गेला नाही.

इमारत पूर्ण झाली, तिला नवी भिंत आली आणि आप्पांना तिच्यावर हात ठेवून जायला आणखी सहा वर्षं मिळाली. ते गेले झोपेत, आपल्या अंथरुणात. न्हाव्यानं त्यानंतर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं सोडलं. चुका काढायला कुणी नाही, मग मजा नाही, म्हणायचा. मुकादम दुसऱ्या कामावर गेला तो पुन्हा भेटला नाही. दोरी कापणारा गडी पुढे परांचीचीच कंत्राटं घेऊ लागला. नवऱ्याला एकदा बाजारात भेटला तेव्हा त्यानं आधी आजोबांचं विचारलं, आणि गेले हे ऐकून हातातली पिशवी खाली ठेवून त्यानं हात जोडले. नवरा निवृत्त झाला, बापासारखाच हट्टी झाला. धाकटीचे केस पिकले, नातवंडं झाली, तरी बोळात ती धाकटीच. शेजारी कुठं खड्डा खणला की लोक अजून कठड्यासाठी तिलाच बोलवायला येतात, आणि ती जाते.