काठावरचे दहा भाऊ

मित्रांनो, मी पोहरा आहे. लोखंडी पत्र्याचा, बुडाला तीन ठिगळे असलेला. घाटनांदूरच्या ख्वाजाभाईंनी मला ठोकून ठोकून घडवले आणि दूध सोसायटीने आपल्या विहिरीवर बांधले.

खाली अंधार.

वर आभाळ.

खाली. वर. एवढेच माझे आयुष्य होते.

बहात्तर साली दुष्काळ पडला. सोसायटीचे दूध आटले. विहिरीच्या तळाशी नुसता पाझर उरला. एका घागरीला अर्धा तास लागे. बायका काठावर पाळी धरून बसत. त्यांत मंजुळाबाई होत्या, गावातल्या एकुलत्या ख्रिस्ती घरातल्या. त्या बायबल वाचून दाखवीत, पण त्यांची रीत निराळी होती.

"ही माणसं मरून गेली असं समजू नका," त्या म्हणत. "ती आपल्या आत ऱ्हात्यात. सांगा, आज तुमच्यात कोण हाय?"

मग जिचा नंबर लागे ती बाई आधी ते सांगे आणि नंतर मला खाली सोडी.

"मी मार्था, घरकामात राबणारी," केसरबाई म्हणाल्या. "सकाळपासून बूड टेकलं न्हाई."

"छबुबाईला लोटाची बायको म्हणा, मागं वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेली," दुसरी एक बाई म्हणाली. "ही मागच्याच पावसाकडं बघत बसती. हिचाबी खांब व्हईल."

"माझं तर नावच हाजरा," हजराबी म्हणाल्या. "वाळवंटात लेकराच्या पाण्यापायी पळणारी. आमच्या मुसलमानांतबी हाय तिची गोष्ट."

मी साधा पत्रा. तरी ऐकून थरारून जाई. एवढ्याशा बाईच्या आत एवढे वाळवंट कसे मावते?

एके सकाळी गाळ काढायला सुग्रीव उतरला. गावाची रीत अशी, की विहिरीत उतरणाऱ्याचा दोर घरच्याच माणसाने धरायचा. म्हणून दोर धरला थोरल्या भावाने, सोसायटीचा चेअरमन असलेल्या धर्मराजने. सोसायटीच्या निवडणुकीत सुग्रीवने त्याच्याविरुद्ध हात वर केला होता. तेव्हापासून अकरा महिने दोघांत बोलणे नव्हते.

"चेअरमनसाहेब, आज तुमच्यात कोण?" हजराबींनी छेडले.

"चेअरमन. दुसरं कोण मावतंय?"

बायका हसल्या. मंजुळाबाई योसेफाची गोष्ट वाचू लागल्या. भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकले. "काठावर धा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकट्या थोरल्या रऊबेनाला त्याला वर काढायचं व्हतं. योसेफ आपल्यात हाय, तसे हे धाबी आपल्यातच हायेत."

तेवढ्यात विहिरीची एक बाजू ढासळू लागली. दगड सुटले. सुग्रीवने एक पाय माझ्यात रोवला, दोर आवळला आणि ओरडला, "दादा, वर घे."

दोर हलेना.

मी दोराच्या टोकाला होतो. धर्मराजचे हात मला कळत होते. ते थकले नव्हते. ते विचार करत होते.

खाली.

वर?

मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "धर्मराज, रऊबेनाला हाक मार. त्योबी तुझ्यातच हाय."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले. आणि दोराला असा हिसका बसला की माझी कडी वाकली. मागून केसरबाई, हजराबी, छबुबाई साऱ्या दोराला लागल्या. आम्ही काठाला टेकलो आणि खाली सगळी बाजू कोसळली.

"कावून येवढा येळ लावला बे?" सुग्रीवने चिखल थुंकत विचारले.

धर्मराज मातीत बसला. तळहात सोलून निघाले होते. "सोडावा वाटला व्हता दोर," तो म्हणाला.

सुग्रीवने डोक्याचा पटका सोडला, फाडला आणि भावाच्या हाताला बांधला.

"मग धरलास कावून?"

"एकटा न्हवतो."

मित्रांनो, आता बोअर झाला आहे. मी सोसायटीच्या मागे गंजत पडलो आहे. गंज खरवडलात तर अजून पाणी धरीन. पण माझे मागणे वेगळेच आहे. कोणी खाली उतरले की सगळे वाकून त्याच्याकडेच बघतात. तुमच्यातल्या एकाने तरी दोर धरणाऱ्याजवळ उभे राहावे.