डोक्यावरचं विमान

सभा असो की शर्यत, लाउडस्पीकर लावावा तो भोंगाकाकांनीच, असं चाळीस वर्षं चाललं. पुढे धंदा सुटला, आवाज मात्र सुटला नाही. घरात काकूंना "चहा झाला का?" विचारलं, की शेजारीणच भिंतीपलीकडून "झाला, झाला" म्हणायची. आणि लेकीचा फोन आला की मिनिटभरात ती म्हणणार, "बाबा, हळू. आवाज फाटतोय. आईला द्या." काका मुकाट्याने फोन द्यायचे आणि मग तासभर कोणाशी बोलायचे नाहीत.

लेक वैमानिक. तिच्यापायीच काकांना हे वेड लागलं होतं. गच्चीवर हातभर अँटेना, खिडकीतून आत घेतलेली वायर, एक रिसीव्हर आणि जुना कॉम्प्युटर. उडतं विमान आपण कुठे, किती उंचीवर आहोत हे सारखं हवेत सांगत असतं. ते ऐकायचं आणि नकाशावर विमानाचं चिन्ह सरकताना बघायचं. रिसीव्हरचा कान किती तिखट ठेवायचा ते ठरवतो गेन. काकांनी तो पहिल्याच दिवशी शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही तर शिव्या आपल्यालाच बसतात, हा आयुष्यभराचा अनुभव होता.

फळही मिळालं. कोण किती लांबचं विमान पकडतो, याची छंदवाल्यांत चढाओढ असे आणि तासातासाला गाठलेल्या अंतराची सरासरी काढून रविवारी पाचला आठवड्याचा निकाल लागे. या आठवड्यात काका पहिले होते. दुसरा, म्हणजे दातांचा डॉक्टर, जेमतेम अर्धा किलोमीटर मागे होता.

पण त्याच रविवारी लेक पहिल्यांदा कॅप्टन म्हणून विमान आणणार होती. चार वाजून दहा मिनिटांनी, उतरताना, थेट घरावरून. आभाळ ढगांनी गच्च होतं, तेव्हा दिसली तर पडद्यावरच दिसणार. काकांची नजर नेहमी कडेच्या विमानांवर, म्हणून आजवर लक्षात आलं नव्हतं, पण सकाळपासून बघावं तर पडद्यावरची विमानं लांबून ऐटीत येत, पाण्याच्या टाकीजवळ पोचत आणि तिथेच गडप होत. पुन्हा उगवत ती घर ओलांडून पार पलीकडे.

काकांनी वायर बदलली, अँटेना पुसली, शेवटी नाक मुठीत धरून डॉक्टरला फोन लावला.

"गेन कमी करून बघा," डॉक्टर म्हणाला.

"वा! म्हणजे पाच वाजता पहिला नंबर तुमचा!" काकांनी फोन आपटला आणि काकूंकडे वळले. "बघितलंस? चोर तो चोर, वर शहाणपण शिकवतो!"

साडेतीन वाजले. काका नकाशावर टाकीच्या आसपास डोळ्यांत तेल घालून बघत होते. काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, एखादा वक्ता माइक तोंडात घालून ओरडायला लागला, की तुम्ही काय करायचात?"

"काय म्हणजे? आवाज कमी. नाहीतर फाटतो, एक शब्द कळत नाही कोणाला."

"मग हे डोक्यावरचं विमान म्हणजे तोच की."

चाळीस वर्षांचा धंदा, आणि ही गोष्ट स्वयंपाकघरातून यावी! काकांचा हात गेनकडे गेला आणि थबकला.

"लांबची सगळी जातील गं. नंबर जाईल."

"जाऊ दे. त्यातलं एक तरी आपलं आहे का? काखेत कळसा नि गावाला वळसा."

काकांनी गेन एक पायरी खाली आणला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, थांबले. कडेची विमानं पुसली गेली. आणखी एक पायरी. मग आणखी एक. एक मालवाहू विमान टाकीपाशी आलं, टाकी ओलांडून घराच्या छपरावरून सरळ गेलं. काकांनी श्वास सोडला.

चार वाजून नऊ मिनिटांनी लेकीच्या विमानाचा नंबर नकाशावर आला. टाकी. कोपऱ्यावरची बेकरी. घर. त्याच क्षणी ढगांतून घरघर आली आणि खिडकीची काच थरथरली. काकांनी आरोळी ठोकायला छाती भरून घेतली, पण ऊरच इतका भरून आला होता की बाहेर पडलं ते एवढंच, "आली गं." शेजारणीला कळलंसुद्धा नाही. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

पाचला डॉक्टर पहिला आला, आणि काकांनी स्वतः फोन करून त्याचं अभिनंदन केलं.

सातला लेकीचा फोन वाजला. काकांनी उचलला, आणि दुपारच्याच हळू आवाजात म्हणाले, "दिसलीस. टाकीवरून आलीस, मग आपल्या घरावरून गेलीस."

"बाबा, बरं नाही का तुम्हाला?"

"छान आहे मी. तू सांग, कसं झालं सगळं?"

ती सांगू लागली. वाऱ्याचं, ढगांचं, उतरताना घामेजलेल्या हातांचं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकूंनी सवयीने केव्हाचा हात पुढे केला होता. पण "आईला द्या" असं कोणी म्हणालंच नाही.